पंचांगातील दिवस घड्याळाशी कसा जुळवावा

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एखाद्या तारखेच्या चौकोनात ‘चतुर्थी, उ. रा. १.४०’ असे छापलेले असते आणि ते वाचून घरात दोन मते होतात. एकाच्या मते चतुर्थी आज पहाटेच, आपण झोपेत असताना संपली. दुसऱ्याच्या मते ती आज रात्री उशिरापर्यंत आहे. दुसऱ्याचे म्हणणे बरोबर असते. चौकोनावरची तारीख इंग्रजी असली, तरी आतला मजकूर ज्या दिवसाचा आहे तो दिवस मध्यरात्री सुरू होत नाही. तो सूर्योदयाला सुरू होतो आणि पुढच्या सूर्योदयाला संपतो. ‘उत्तररात्री १.४०’ ही वेळ त्या दिवसाच्या शेवटाकडची आहे. घड्याळाच्या हिशेबाने तोवर पुढची तारीख लागलेली असते.

पंचांग वाचताना होणाऱ्या बहुतेक चुका या एका गोष्टीच्या विस्मरणातून होतात. दिवसाचा आरंभ सूर्योदयाला आणि तोही आपल्या गावच्या सूर्योदयाला, एवढे धरून चालले की पुढचे सगळे साध्या गुणाकार-भागाकाराचे काम उरते. त्यासाठी चालू वर्षाचे पंचांग किंवा पंचांग छापलेली दिनदर्शिका, आपल्या गावच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा आणि कागद-पेन्सिल एवढे पुरते. मोबाइलवरचे अ‍ॅप वापरायचे असल्यास त्यात कोणते गाव निवडलेले आहे, हे आधी पाहावे, कारण आपण राहतो साताऱ्याला आणि अ‍ॅप उज्जैनचा किंवा दिल्लीचा सूर्योदय दाखवत असते, असे पुष्कळदा घडते.

वार कोणता धरावा

सर्वांत सोपे अंग वाराचे आहे आणि तेच सर्वांत जास्त चुकते. घड्याळाच्या हिशेबाने सोमवार रात्री बारानंतर लागतो. पंचांगाच्या हिशेबाने तो सोमवारच्या सूर्योदयाला लागतो. म्हणून सोमवारी पहाटे ३ वाजता जन्मलेल्या मुलाचा वार पत्रिकेत रविवार लिहिला जातो, आणि ती लिहिणाऱ्याची चूक नसते. त्याच न्यायाने रविवारचे व्रत करणाऱ्याचा रविवार मध्यरात्रीच्या ठोक्याला संपत नाही.

वारांचा क्रम असाच का, याचे उत्तरही दिवसाच्या विभागणीतच आहे. अहोरात्राचे २४ होरे करून प्रत्येकाला एक ग्रह स्वामी दिलेला असतो आणि स्वाम्यांचा क्रम ग्रहांच्या उतरत्या कक्षांप्रमाणे शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र असा फिरत राहतो. सूर्योदयाच्या पहिल्या होऱ्याचा जो स्वामी, त्याचाच तो वार. रविवारी रवीपासून मोजायला लागल्यास चोविसावा होरा बुधाचा येतो आणि पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, चंद्राचा येतो. म्हणून रविवारनंतर सोमवार. बोटांवर मोजून पाहण्याजोगा हा हिशेब आहे आणि तो एकदा करून पाहिला की वारांची नावे पाठ करण्याची गोष्ट राहत नाही.

घटी आणि पळे

जुन्या पंचांगांत, जन्मटिपणांत आणि लग्नाच्या याद्यांत वेळ तासांत नसते, घटी-पळांत असते. अहोरात्राच्या ६० घटी, एका घटीची ६० पळे, एका पळाची ६० विपळे. घड्याळाशी जुळवायचे तर एक घटी म्हणजे २४ मिनिटे आणि एक पळ म्हणजे २४ सेकंद. अडीच घटींचा एक तास. दोन घटींचा एक मुहूर्त होतो, म्हणजे मुहूर्त ४८ मिनिटांचा आणि अहोरात्रात असे ३० मुहूर्त. साडेसात घटींचा प्रहर होतो. चार दिवसाचे आणि चार रात्रीचे मिळून आठ प्रहर. आपला ‘दुपार’ हा शब्द ‘दोन प्रहर’ यावरूनच आला आहे.

पळाच्या खालीही मोजणी जाते. सहा प्राणांचे एक पळ, आणि प्राण म्हणजे स्वस्थ माणसाच्या एका श्वासोच्छ्वासाचा काळ, दहा गुरू, म्हणजे दीर्घ, अक्षरे उच्चारायला लागतो तेवढा; आजच्या मापाने ४ सेकंद. अहोरात्रात असे २१,६०० प्राण होतात, आणि वर्तुळाच्या ३६० अंशांच्या कलाही (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) नेमक्या २१,६०० आहेत. म्हणजे आपला एक श्वास होतो तेवढ्यात आकाश एक कला सरकते. ही मापे ठरवणाऱ्यांनी काळाचे आणि आकाशाचे माप एकाच पट्टीवर आणून ठेवले, हे मला या सगळ्या पद्धतीतले सर्वांत सुंदर अंग वाटते. हिशेब करताना मात्र पळापर्यंतच थांबावे. त्याखाली जाण्याची गरज घरगुती कामात कधी पडत नाही.

घटी मोजण्याचे साधनही या नावाचेच होते. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायची. छिद्रातून पाणी आत शिरत शिरत ती बुडाली की एक घटका भरली. जुन्या लग्नांतून मुहूर्ताची वेळ अशी घटिकापात्राने साधली जाई, आणि ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार त्या बुडणाऱ्या वाटीचा आहे. ‘घड्याळ’ या शब्दाच्या मुळाशीही ही घटीच आहे.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. समजा, पंचांगात एका तिथीपुढे ३१ घटी १५ पळे लिहिली आहेत आणि त्या गावचा सूर्योदय ६ वाजून २० मिनिटांनी आहे. घटींना २४ ने गुणावे: ७४४ मिनिटे. पळांना २४ ने गुणल्यास सेकंद मिळतात: ३६० सेकंद, म्हणजे ६ मिनिटे. बेरीज ७५० मिनिटे, म्हणजे १२ तास ३० मिनिटे. ती सूर्योदयाच्या वेळेत मिळवली की संध्याकाळचे ६ वाजून ५० मिनिटे येतात. तिथी तेव्हा संपते. उलट जायचे असेल, म्हणजे घड्याळातील वेळेवरून घटी काढायच्या असतील, तर आधी सूर्योदय वजा करावा. दुपारी ३ वाजून ३८ मिनिटांतून ६ वाजून २० मिनिटे वजा जाता ९ तास १८ मिनिटे उरतात. त्यांची ५५८ मिनिटे करून २४ ने भागल्यास २३ घटी येतात आणि ६ मिनिटे, म्हणजे १५ पळे, उरतात. जन्मटिपणात ‘सूर्योदयात् गत घटी २३ पळे १५’ असे जे लिहिलेले असते ते हेच, आणि त्याला इष्ट घटी म्हणतात. तोंडी हिशेब करणाऱ्याने तासांची अडीचपट करावी. घटी लगेच मिळतात.

छापलेली वेळ संपण्याची असते

पंचांगाची पाच अंगे म्हणजे तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. वार सोडून बाकी चारांपुढे जी वेळ छापतात, ती ते अंग संपण्याची असते. एक संपले की त्याच क्षणी पुढचे सुरू होते, म्हणून आरंभाची वेळ वेगळी देण्याची गरज नसते. ती आदल्या चौकोनात सापडते. एकादशी कधी लागते, हे पाहायचे असेल तर दशमी कधी संपते ते पाहावे.

मध्यरात्रीनंतरच्या वेळा दाखवण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा आहेत. काही ठिकाणी ‘उ. रा.’ (उत्तररात्री) किंवा ‘प.’ (पहाटे) अशी अक्षरे असतात, तर काही पंचांगांत तास २४ च्या पुढे मोजत नेतात; २६.१५ म्हणजे रात्रीचे सव्वादोन. ही दुसरी पद्धत मला अधिक पसंत आहे, कारण तीत तारखेचा गोंधळ होण्याला जागाच राहत नाही. शंका आल्यास एक तपासणी करावी. आदल्या तिथीच्या शेवटापासून या तिथीच्या शेवटापर्यंत किती तास होतात ते मोजावे. उत्तर २० ते २७ तासांच्या दरम्यान आले तर आपले वाचन बरोबर आहे, आणि दोन-तीन तास किंवा पन्नास तास आले तर आपण तारीख चुकवली आहे.

तिथीची लांबी अशी कमीजास्त होते, कारण ती सूर्योदयाने ठरत नाही, चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकण्याने ठरते. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे तो पृथ्वीजवळ असताना वेगाने जातो आणि दूर असताना रेंगाळतो. जुन्या करणग्रंथांवरून, म्हणजे ग्रहगणिताच्या जुन्या पुस्तकांवरून, गणित करणारे पंचांगकर्ते ‘बाणवृद्धी रसक्षय’ म्हणत, म्हणजे तिथी ६० घटींपेक्षा फार तर ५ घटींनी वाढते आणि ६ घटींनी घटते. आकाशातील प्रत्यक्ष स्थितीशी गणित जुळवल्यावर ‘सप्तवृद्धी दशक्षय’, म्हणजे ५० ते ६७ घटी, असे प्रमाण दिसू लागले. आजची पंचांगे बहुतेक या दुसऱ्या, दृक्प्रत्ययी गणिताची आहेत.

सूर्योदयाला जी तिथी चालू असेल तीच त्या दिवसाची तिथी, हा नियम या कमीजास्त लांबीला लावला की क्षय आणि वृद्धी आपोआप समजतात. सूर्योदय ६.२० चा धरू. सोमवारी सकाळी ६.४० ला पंचमी संपली आणि षष्ठी लागली; ती मंगळवारी पहाटे ५.५० लाच संपली. सोमवारच्या सूर्योदयाला पंचमी होती, मंगळवारच्या सूर्योदयाला सप्तमी आहे. मधल्या षष्ठीला एकही सूर्योदय मिळाला नाही, म्हणून तिचा क्षय झाला. षष्ठी नाहीशी झाली असे मात्र नव्हे. ती २३ तास १० मिनिटे होती, फक्त कोणत्याही दिवसाला तिचे नाव मिळाले नाही. याच्या उलट एखादी तिथी सोमवारी सकाळी ६ ला लागून मंगळवारी ७.१० ला संपली, तर तिला दोन सूर्योदय मिळतात आणि दोन्ही दिवसांवर तिचेच नाव लागते, ही वृद्धी. अशा वेळी पहिल्या दिवशी तिथीपुढे वेळ छापलेली नसते, ‘अहोरात्र’ असे लिहिलेले असते.

नक्षत्र म्हणजे चंद्राने १३ अंश २० कला चालण्याचा काळ, आणि योग म्हणजे सूर्य व चंद्र यांच्या भोगांची (राशिचक्रातील स्थानांच्या अंशांची) बेरीज तेवढ्याने वाढण्याचा काळ. दोन्ही २७ आहेत. करण म्हणजे अर्धी तिथी. येथे एक बारकावा सांगण्यासारखा आहे. तिथी आणि करण ही दोन स्थानांच्या वजाबाकीने निघतात, त्यामुळे राशिचक्राचा आरंभ कोठून धरावा या वादाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. नक्षत्र आणि योग यांच्यावर मात्र होतो. टिळक पंचांग आणि चित्रापक्षाची, म्हणजे चित्रा ताऱ्यावरून राशिचक्राचा आरंभ ठरवणारी, नेहमीची पंचांगे यांच्या आरंभबिंदूंत सुमारे ४ अंशांचे अंतर आहे, आणि ते ओलांडायला चंद्राला सात तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणून दोन पंचांगे समोर ठेवली असता तिथी जुळते आणि नक्षत्र जुळत नाही, असे दिसल्यास कोणाचे गणित चुकले म्हणून गोंधळू नये. कोणत्या तरी एकाच पक्षाचे पंचांग घेऊन त्यालाच धरून राहावे.

करणांपैकी घरात ज्याची चौकशी होते, ते एकच: विष्टी, म्हणजेच भद्रा. पौर्णिमेचा पूर्वार्ध नेहमी विष्टीचा असतो, म्हणून राखीपौर्णिमेला आणि होळीला भद्रा कधी संपते हा प्रश्न दरवर्षी निघतो. पंचांगात करणाची वेळ दिलेली असेल तर ती पाहावी. नसेल तर पौर्णिमेच्या आरंभाची आणि शेवटाची वेळ घेऊन मध्य काढावा. चंद्राची गती बदलती असल्यामुळे हे उत्तर थोडे स्थूल असते, पण घरगुती कामाला ते पुरते.

सूर्योदय कोणत्या गावचा

तिथी संपण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो, कारण तो सूर्य-चंद्रांमधल्या अंतराचा आहे. सूर्योदय मात्र गावोगावचा वेगळा. पंचांगात वेळ तास-मिनिटांत, भारतीय प्रमाणवेळेने दिलेली असेल, तर ती मुंबईत, नागपुरात आणि पणजीत जशीच्या तशी चालते. तीच वेळ घटी-पळांत दिलेली असेल, तर ती ज्या गावच्या सूर्योदयापासून मोजली आहे त्याच गावापुरती खरी असते. पंचांगाच्या सुरुवातीच्या पानांवर ते गाव लिहिलेले असते आणि त्या पानांकडे सहसा कोणी पाहत नाही.

रेखांशाच्या एका अंशाला ४ मिनिटे असा हिशेब आहे. मुंबई ७२.८ पूर्व रेखांशावर आणि नागपूर ७९.१ वर, म्हणून नागपूरला सूर्य सरासरीने २५ मिनिटे आधी उगवतो. अक्षांशांच्या फरकामुळे हे अंतर ऋतूप्रमाणे काही मिनिटांनी हलते. मुंबईच्या पंचांगातील घटी नागपूरच्या सूर्योदयात मिळवल्यास उत्तर २५ मिनिटांनी चुकते, म्हणजे एका घटीपेक्षा थोडे जास्त. अशा वेळी घटींचे तास मुंबईच्या सूर्योदयावरूनच करावेत, आणि मग हवे असल्यास नागपूरचा सूर्योदय वजा करून तिथल्या घटी काढाव्यात. संकष्टीच्या चंद्रोदयालाही हाच फरक लागतो. म्हणून दिनदर्शिकेत गावोगावच्या चंद्रोदयाचे वेगळे कोष्टक असते आणि ते पाहिल्यावाचून उपवास सोडू नये.

परदेशातील मराठी घरांत हा प्रश्न अधिक अवघड होतो, कारण तेथे नुसती वेळच बदलत नाही, दिवसही बदलतो. उदाहरणार्थ, जून महिन्यात एखादी तिथी भारतीय प्रमाणवेळेने मंगळवारी सकाळी ६.५० ला संपते आणि आदल्या दिवशी साधारण त्याच सुमाराला लागलेली आहे. मुंबईत मंगळवारी सूर्योदय ६ च्या सुमारास, म्हणून तेथे ती मंगळवारची तिथी. न्यू जर्सीत उन्हाळ्यात घड्याळ भारतापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तेथे तोच क्षण सोमवारी रात्री ९.२० चा. तेथील मंगळवारच्या सूर्योदयाला पुढची तिथी लागलेली असते, आणि सोमवारच्या सूर्योदयाला ही तिथी चालू होती, म्हणून तेथे ती सोमवारची. भारतातून आलेल्या दिनदर्शिकेतली तारीख तशीच उचलली तर व्रत एक दिवस उशिरा होते. क्रम असा ठेवावा: आधी तिथीच्या दोन्ही टोकांच्या वेळा स्थानिक घड्याळात बदलून घ्याव्यात, मग स्थानिक सूर्योदय कोठे पडतो ते पाहावे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात साडेदहा तास आणि ब्रिटनमध्ये हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार तास वजा करावे लागतात, हेही विसरू नये.

दिवसाचे भाग आणि सणांच्या वेळा

सूर्योदयाची तिथी ती दिवसाची तिथी, हा नियम नाव देण्यापुरता आहे. सण कोणत्या दिवशी करायचा हे मात्र त्या सणाच्या नेमलेल्या वेळेला तिथी चालू आहे की नाही यावर ठरते, आणि येथे दिवसाचे भाग पाडता येणे आवश्यक होते. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाला दिनमान म्हणतात. ते ऋतूप्रमाणे बदलते. मुंबईत जूनमध्ये सुमारे सव्वातेरा तास, म्हणजे ३३ घटी, आणि डिसेंबरमध्ये सुमारे ११ तास, म्हणजे साडेसत्तावीस घटी. घटी कधी लहान-मोठी होत नाही, पण दिनमानाचे भाग लहान-मोठे होतात, हा भेद ध्यानात ठेवावा.

दिनमानाचे पाच समान भाग केले की प्रातःकाल, संगव, मध्याह्न, अपराह्ण आणि सायाह्न मिळतात. गणेशचतुर्थी आणि रामनवमी मध्याह्नी तिथी असेल त्या दिवशी होतात. श्राद्धाला आणि विजयादशमीला अपराह्ण पाहतात. गणेशचतुर्थीच्या सुमारास मुंबईत सूर्योदय ६.२४ ला आणि सूर्यास्त संध्याकाळी ६.४८ ला आहे असे धरू. दिनमान १२ तास २४ मिनिटे, म्हणजे ७४४ मिनिटे. त्याचा पाचवा भाग १४९ मिनिटांना किंचित कमी. सूर्योदयात असे दोन भाग मिळवले की ११.२२ येतात आणि तिसरा मिळवला की १.५०. छापील मुहूर्त म्हणून पूजेसाठी सकाळी ११.२२ पासून दुपारी १.५० पर्यंतची जी वेळ वर्तमानपत्रात येते, ती एवढ्या हिशेबाची असते. तो स्वयंपाकघरातल्या कागदावरही होतो.

याच उदाहरणात दिवसाचा मध्य १२.३६ ला येतो, १२ ला नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आहे आणि मुंबई तिच्या बरीच पश्चिमेला, त्यामुळे मुंबईचा खरा मध्याह्न घड्याळाच्या मागे सरासरी ३९ मिनिटे रेंगाळतो. रामजन्माला घड्याळाचे बारा वाजले की पाळणा हलवण्याची रीत सर्वत्र आहे आणि ती मोडावी असे मी म्हणणार नाही. पण एप्रिलमध्ये सूर्य डोक्याच्या रेषेवर नागपूरला १२.१४ च्या आसपास आणि मुंबईला १२.३९ च्या आसपास येतो, हे ठाऊक असलेले बरे. कृष्णजन्माचेही तसेच. निशीथ म्हणजे सूर्यास्त आणि पुढचा सूर्योदय यांचा मध्य. वरच्या वेळांनी तो रात्री १२.३६ ला येतो. महाशिवरात्रीलाही हाच निशीथ पाहतात. सूर्यास्तानंतरच्या साधारण ६ घटी म्हणजे प्रदोष, आणि लक्ष्मीपूजनाला अमावास्या त्या वेळी असावी लागते; दिवाळीत कधी कधी सकाळी दिनदर्शिकेवर चतुर्दशी दिसत असताना संध्याकाळी लक्ष्मीपूजन असते, त्याचे कारण हे आहे.

एकादशीच्या बाबतीत सूर्योदयाच्याही मागे जावे लागते. सूर्योदयापूर्वीच्या ४ घटी, म्हणजे ९६ मिनिटे, हा अरुणोदय. सूर्योदय ६.२० ला असेल तर अरुणोदय ४.४४ ला सुरू होतो. दशमी पहाटे ५.१० ला संपली तर सूर्योदयाला एकादशी आहेच, म्हणून स्मार्तांचा उपवास त्याच दिवशी. पण दशमीने अरुणोदयाला स्पर्श केला, म्हणून ती एकादशी विद्ध ठरते आणि भागवत संप्रदायाचे लोक दुसऱ्या दिवशी उपवास करतात. लागोपाठ दोन दिवसांवर ‘स्मार्त एकादशी’ आणि ‘भागवत एकादशी’ छापलेली दिसते ती पुष्कळदा या पंचवीस-तीस मिनिटांच्या फरकापायी. वारकऱ्यांच्या घरात दुसरी पाळतात.

अलीकडे ज्यांची फार विचारणा होते त्या बाकीच्या वेळा थोडक्यात सांगता येतील. ब्राह्ममुहूर्त म्हणजे रात्रीचा शेवटून दुसरा मुहूर्त, ६.२४ च्या सूर्योदयाला तो ४.४८ ते ५.३६ असा येतो. अभिजित म्हणजे दिवसाच्या पंधरा मुहूर्तांतला आठवा, दिवसाच्या मध्याला दोन्ही बाजूंनी चोवीस-पंचवीस मिनिटे बिलगून असलेला. राहुकाळासाठी दिनमानाचे आठ भाग करतात आणि सोमवारी दुसरा, मंगळवारी सातवा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, शुक्रवारी चौथा, शनिवारी तिसरा, रविवारी आठवा भाग घेतात. राहुकाळाचे प्रस्थ मुख्यतः दक्षिणेकडचे. ज्यांना तो पाळायचा आहे त्यांनी निदान ‘सोमवारी साडेसात ते नऊ’ असे ठरीव कोष्टक वापरू नये. ते कोष्टक सूर्योदय ६ ला आणि सूर्यास्त ६ ला धरून केलेले आहे. वरच्या उदाहरणात एक भाग ९३ मिनिटांचा, म्हणून सोमवारचा राहुकाळ ७.५७ ते ९.३० असा येतो. कोष्टकावर विसंबणारा साडेसातला उगाच थांबतो आणि नऊनंतर निर्धास्तपणे राहुकाळातच निघतो.

जुनी टिपणे वाचताना

घरातल्या ट्रंकेत आजी-आजोबांची जन्मटिपणे सापडतात आणि त्यांवरून घड्याळातील वेळ काढण्याची हौस सर्वांना असते. पद्धत वर सांगितलेलीच आहे, पण जुन्या तारखेचा सूर्योदय कोठून आणायचा, हा प्रश्न पडतो. त्याला सोपा उपाय आहे: त्याच गावचा त्याच इंग्रजी तारखेचा यंदाचा सूर्योदय घ्यावा. एकाच तारखेचा सूर्योदय वर्षावर्षाला मिनिटभराहून फारसा हलत नाही. शके असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन काढावा, आणि तारीख जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतची असेल तर ७९ मिळवावेत.

खरी अडचण घटींची नसून घड्याळांची आहे. मुंबई शहरात जुनी स्थानिक वेळ, ‘मुंबई टाइम’, प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे, १९५५ पर्यंत वापरात होती. एकाच घरातले एक घड्याळ रेल्वेच्या वेळेवर आणि दुसरे मुंबईच्या, असा तो काळ. शिवाय दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशभराची घड्याळे एक तास पुढे होती. समजा, शके १८६५ च्या, म्हणजे जानेवारी १९४४ च्या, एका टिपणात गत घटी २३ पळे १५ लिहिली आहेत आणि त्याच कागदाच्या मागे कोणी तरी पेन्सिलीने ‘५ वाजून २३’ असे नोंदवले आहे. प्रमाणवेळेने सूर्योदय ७.०५ ला धरला तर घटींवरून जन्म दुपारी ४.२३ चा येतो आणि पेन्सिलीची नोंद एक तास पुढची दिसते. दोन्ही बरोबर आहेत. पेन्सिलीचे घड्याळ युद्धकाळातले आहे. अशा ठिकाणी घटी दिलेल्या असल्यास त्याच धराव्यात, कारण त्या सूर्योदयापासून मोजलेल्या असतात आणि सरकारी हुकमाने सूर्योदय पुढे जात नाही. नुसती घड्याळातील वेळच मिळाली, तर ती कोणत्या गावची, कोणत्या वर्षाची आणि कोणत्या घड्याळाची, हे आधी ठरवून मगच गणिताला हात घालावा.